अजीजभाईंचा बूस्ट

अहमदपूरच्या बसस्थानकासमोर, कंधारच्या गाड्या जिथं वळतात त्या कोपऱ्याला 'सुलतान टीव्ही सेंटर' अशी पाटी अजून आहे. टीव्ही मात्र आता दिसत नाहीत. आत मोबाइलची कव्हरं टांगलेली, डिशचे रिमोट, पंख्याचे कंडेन्सर, आणि या सगळ्या पसाऱ्यात स्टुलावर अजीजभाई. पाटी बघून नव्या माणसाला वाटतं, आत काहीतरी बादशाही थाट असेल. पण हा सुलतान कुणी बादशहा नव्हे. ती अजीजभाईंची बायको, सुलतानबी. लग्न झालं त्याच साली दुकान टाकलं, म्हणून तिचं नाव दिलं. बाजारात लोकांनी त्यावरून भरपूर चेष्टा केली. अजीजभाईंनी पाटी काही बदलली नाही.

आजच्या पोरांना टीव्ही म्हणजे भिंतीला टांगलेली काच, एवढंच ठाऊक. बिघडली की फेकायची. दुरुस्तीला नेली तर मेकॅनिकच म्हणतो, नवी घ्या. हा काय धंदा झाला? अजीजभाईंच्या उमेदीच्या काळात टीव्ही घरातल्या जनावरासारखा होता. त्याला पाठ होती, पोट होतं, मान होती, आणि दुखायला लागला की तो आवाजही करायचा. खेड्यांतून लोक टीव्ही आणायचे ते गोधडीत गुंडाळून, बैलगाडीत कडब्यावर ठेवून. गाडीला देवणी जातीची खोंडं, आणि टीव्हीला हात देऊन बसलेली घरची चार माणसं. दवाखान्यात बाळंतीण आणावी तसा टीव्ही उतरवून आत यायचा, आणि अजीजभाई मागचं झाकण उघडेपर्यंत कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

मॅचच्या दिवशी तर विचारू नका. दुकानासमोरचा रस्ता बंद व्हायचा, एसटीचे ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरायचे, आणि शेजारच्या हॉटेलातला गुंडप्पा कढईखालचा जाळ कमी करून येऊन उभा राहायचा. ते दिवस आठवले की अजीजभाईंचा जीव अजून कासावीस होतो. पैसा तेव्हाही फार नव्हता. पण माणसं त्यांची वाट बघत असायची, आणि वाट बघितली जाण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही.

त्यांची खरी ख्याती मात्र एकाच गोष्टीसाठी होती, ती म्हणजे बूस्ट. पिक्चर ट्यूबच्या मानेत एक बोटाएवढी गन असते. तिच्या टोकाला कॅथोड. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांचा झोत पडद्यावर आपटतो आणि तिथं उजेड होतो. वर्षं सरली की कॅथोड थकतो. झोत मंदावतो, आणि पडद्यावर भर दुपार दाखवली तरी दिवेलागणीची वेळ वाटायला लागते. अशा ट्यूबला अजीजभाई बूस्ट द्यायचे. कॅथोडला थोडा वेळ गरजेपेक्षा जास्त तापवायचं, वर एक झटका द्यायचा, की वरचा मेलेला थर उडून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. पडदा असा काही उजळायचा की बायाबापड्या तोंडावर पदर घ्यायच्या.

पण त्यात एक मेख होती. बूस्ट म्हणजे ट्यूबच्या उरलेल्या आयुष्यातून घेतलेली उचल. ट्यूब कधी सहा महिने छान चालायची, कधी त्याच दिवशी फुस्स व्हायची. म्हणून अजीजभाईंचा एक दंडक होता: मालकाला समोर बसवायचं, होईल ते सगळं सांगायचं, आणि मालकानं स्वतःच्या तोंडानं 'दे' म्हटल्याशिवाय ट्यूबला हात लावायचा नाही. घाईचा माणूस चिडायचा. 'आरं तू मेकॅनिक हायस का वकील?' असंही कुणीतरी म्हणालं होतं. अजीजभाई हात पुसत बसून राहायचे.

एकदा कंधारकडच्या एका खेड्यातून शेषेराव आणि विठाबाई नवराबायको टीव्ही घेऊन आले. अजीजभाईंनी सगळं सांगितलं. विठाबाई म्हणाली, 'द्या की, उद्याचं उद्या बघू.' शेषेराव म्हणाला, 'न्हाई, अंधुक का होईना, चालू हाय.' त्यावरून दोघांची दुकानात अशी जुंपली की गुंडप्पा चहा घेऊन मध्ये पडला. शेवटी टीव्ही होता तसाच गोधडीत बांधून परत गेला. विठाबाई जाताना म्हणाली, 'ह्यांच्या संगं माझं सगळं आयुष्य अंधुकच गेलंय बघा.' शेषेराव हसला, तीही हसली, आणि दोघं कंधारच्या गाडीत चढली. गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून अजीजभाईंना जराही वाईट वाटलं नाही.

हे सगळं ऐकत, बघत, दुकानातल्या खोक्यावर बसून त्यांची धाकटी लेक उमैमा मोठी झाली. थोरला अनस धंद्याकडं फिरकला नाही. तो नोकरी धरून हैदराबादेत रमला. उमैमाचा मुक्काम मात्र शाळा सुटली की दुकानातच. घरात त्यांची बोली दखनी, पण धंद्याचं बोलणं बापलेक मराठीतच बोलायची, कारण गिऱ्हाईक मराठी आणि पोरीची शाळाही मराठी. ती प्रश्न विचारून विचारून बापाला हैराण करायची. कॅथोड का थकतो? मेलेला थर जातो कुठं? अजीजभाईंना उत्तर येत असलं तर द्यायचे, नसलं तर म्हणायचे, 'ते तू शीक आन् मला सांग.'

ती शिकली. बारावी लातूरला, पुढचं नांदेडच्या विद्यापीठात, आणि मग बेंगळुरूजवळच्या एका संशोधन संस्थेत लागली. काम काय, तर इलेक्ट्रॉनचा झोत तयार करायचा, मोठ्या यंत्रातून त्याला प्रचंड वेग द्यायचा, आणि त्या झोताचा ब्राइटनेस वाढवायचा. तिनं फोनवर सांगितलं, 'अब्बा, तुमचाच धंदा आहे. फक्त ट्यूब जरा लांब आहे.' अजीजभाई दोन दिवस हे वाक्य बसस्थानकभर सांगत फिरले. 'आमच्या उमैमाची ट्यूब इथून मोंढ्याच्या बाजारापर्यंत लांब हाय,' असं ते ठोकून द्यायचे, आणि लोकही मानायचे.

यंदा हिवाळ्यात ती अचानक घरी आली. सण नाही, लग्न नाही. आली आणि जेवताना म्हणाली, 'लातूरच्या एका क्लासवाल्यांनी बोलावलंय. फिजिक्स शिकवायला. तिकडचं सोडावं म्हणते.'

सुलतानबींनी लगेच दोन्ही हात पसरून वर पाहिलं. लेक परमुलखात एकटी राहते, वेळेवर जेवत नाही, ही त्यांची रोजची तक्रार. लातूर म्हणजे काय, सकाळच्या गाडीनं जावं, लेकीच्या हातचा चहा प्यावा आणि दुपारच्या जेवणाला परत यावं. त्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीतली पेटी हलवली, भिंत झाडली, नवीन पडदा शिवायला टाकला.

अजीजभाईही खूश झाले. खोटं कशाला बोला, फार खूश झाले. गुंडप्पाच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला, जी गोष्ट मॅच जिंकल्यावरही झाली नव्हती. रात्री दुकान बंद करून घरी जावं आणि जेवायला लेक समोर असावी, रविवारी का होईना, याहून जास्त त्यांनी आता कशाची आस ठेवली नव्हती. पण पोरगी गप्प होती. ताटातलं चिवडत बसायची. लातूरचं नाव काढलं की 'हो, जायचंय' एवढंच म्हणायची. ज्या पोरीनं प्रश्न विचारून बापाचं डोकं उठवलं होतं, ती काहीच विचारीत नव्हती.

म्हणून एका दुपारी अजीजभाईंनी तिला दुकानात बोलावलं. त्यांच्याकडं शेवटचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. फळीखाली, पोत्यानं झाकलेला. तो विकायला त्यांचा जीव झाला नव्हता आणि घ्यायला कुणी आलंही नव्हतं. त्यांनी तो काढून पुसला, टेबलावर ठेवला आणि सुरू केला. बऱ्याच वेळानं पडद्यावर काहीतरी हललं. माणसं होती की झाडं, सांगता येत नव्हतं.

'थकली बिचारी,' अजीजभाई म्हणाले. 'थांब, तुला जुनी गंमत दावतो. एक बूस्ट देतो. हिची मालकीण तू. म्हण, दे.'

'नको, अब्बा.'

'आगं तशीबी मरायलाच टेकलीय.'

'नको म्हटलं ना!'

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारी गुंडप्पाच्या हातातला झारा थांबला. अजीजभाईंनी हातातली वायर खाली ठेवली. बाहेर कंडक्टर 'कंधार, कंधार' करून ओरडत होता. उमैमा खोक्यावर बसली आणि डोळे पुसायला लागली.

'मी तिथं बूस्ट दिला, अब्बा,' ती म्हणाली.

'कुणाला?'

'आमच्या गनला.'

अजीजभाईंना आधी हसूच आलं. मग त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायचं थांबले.

तिनं सगळं सांगितलं. संस्थेत मोठी मंडळी काम बघायला यायची होती. झोत चांगला दाखवायचा होता, आणि कॅथोडमधून इलेक्ट्रॉन कमी सुटत होते. कॅथोड किती तापवायचा याची हद्द सगळ्यांनी मिळून ठरवलेली. त्या दिवशी यंत्रावर ती एकटीच होती, आणि तिचा हात आपसूक हद्दीच्या पुढं गेला. दुसऱ्या कुणाचा गेला नसता. दुसरं कुणी लहानपणी बापाच्या दुकानात बसून मेलेल्या ट्यूबा उजळताना बघत मोठं झालं नव्हतं.

'आकडा चढला. सगळे खूश. मलाही वाटलं, जमलं,' ती म्हणाली. 'पण झोत बिघडला.'

'आकडा चढला तर बिघडला कसा?'

तिनं बाहेर बोट दाखवलं. 'ती कंधारची गाडी बघा. दाराशी किती लोक आहेत?'

'मोप हायत.'

'सगळे एकदम घुसले तर लवकर आत जातील का?'

'कुठलं! एकमेकाला कोपरं मारून राहिलेत.'

'इलेक्ट्रॉनचं तसंच. गर्दी केली की ते एकमेकांना ढकलतात. जास्त तापवले की सुटतानाच वाकडेतिकडे सुटतात. टीव्हीत ते चालून जातं, पडद्यावर उजेड पडला की झालं. आमच्याकडं झोत बारीक लागतो, सगळे जवळजवळ, सगळे एका दिशेनं. त्याला ब्राइटनेस म्हणतात. नुसते जास्त सुटले म्हणून तो वाढत नाही. माझा तर उलटा कमीच झाला.'

'हाव,' अजीजभाईंनी होकारार्थी मान डोलावली. बूस्ट दिलेल्या ट्यूबवर बातम्यांची अक्षरं फुगायची, ते त्यांना आठवलं. उजेडाच्या कौतुकात त्याच्याकडं कुणी बघितलं नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा. 'मग?'

'मग आठवड्याभरात कॅथोड गेला. सगळ्यांचं काम थांबलं. आणि सगळे म्हणतात, सुदर्शननं बसवताना काहीतरी कसूर केली.'

हा सुदर्शन कोण, ते अजीजभाईंना फोनवरून माहीत होतं. निलंग्याकडचा पोरगा, उमैमासारखाच मराठी शाळेतून शिकून तिथवर पोचलेला. परमुलखात दोघं जेवायला एकत्र बसायची आणि इकडच्या बोलीत बोलून घ्यायची.

'तो काय म्हणतो?'

'काही नाही,' उमैमा म्हणाली. 'माझंच चुकलं असेल म्हणतो. त्याला खरंच तसं वाटतंय, अब्बा.' आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

लातूरचा क्लास म्हणजे काय होता, ते अजीजभाईंना आता कळलं. त्यांना दोन्हीकडून लागलं. ज्या कसबावर त्यांनी आयुष्यभर मान मिळवला, त्यानंच लेकीचा घात केला होता. आणि दुसरं म्हणजे, आपण आता गप्प बसलो, 'जाऊ दे बेटा, होतं असं' एवढं म्हटलं, तर लेक जवळ राहणार होती. रविवारी जेवायला समोर बसणार होती. हे त्यांच्या मनात आलं. का येऊ नये? बाप होते ते.

त्यांनी त्या मंद टीव्हीचं बटण बंद केलं आणि एकदम कडक आवाजात, गिऱ्हाइकाशीही कधी बोलले नाहीत अशा आवाजात विचारलं, 'मालकाला इचारलं व्हतं का?'

'कोण मालक? सरकारी यंत्र आहे ते.'

'ज्यानं हातानं बसवलं, त्यो मालक. त्या पोराला इचारलं व्हतं का तू? समोर बसवून सांगितलं व्हतं का, की आसं आसं करून राहिले, जळलं तर जळंल?'

'नाही.'

'मग त्यो बूस्ट न्हवं. चोरी हाय ती. ट्यूबा माझ्या हातनं लई मेल्या, उमैमा. हिशेब न्हाई. पण एकबी माणूस आसा न्हाई, ज्यानं घरी जाऊन म्हटलं, माझंच काय तरी चुकलं आसंल. जे झालं ते अजीजच्या हातनं झालं, हे त्याला म्हाईत ऱ्हायचं.'

तोंडावरून ओढणी फिरवून ती उठली, फोन घेऊन पायरीवर जाऊन उभी राहिली. अजीजभाईंना आतून तिची पाठ तेवढी दिसत होती. बसचे हॉर्न, फेरीवाल्यांची बोंब, त्यात तिचं बोलणं काही ऐकू येईना. सुरुवातीला ती भराभर बोलली. मग थांबली. मग नुसती ऐकत राहिली. गुंडप्पा चहा घेऊन आला आणि अजीजभाईंनी हातानंच त्याला मागं फिरवलं.

ती आत आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

'सांगितलं?'

'हो.'

'शिव्या दिल्या?'

'नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, मी इतके दिवस झोपलो नव्हतो गं. आणि उद्या आमच्या गटाच्या मॅडमना सांग म्हणाला. फोनवर सांगितलं तरी चालेल, पण समोर आलीस तर बरं.'

'काढून टाकतील?'

'काय माहीत. टाकतीलही. नाही टाकलं तरी सगळ्यांसमोर मान खाली घालून काम करावं लागेल. नवा कॅथोड, सगळं पहिल्यापासून.' मग तिनं लहानपणी विचारायची तशी मान वाकडी करून विचारलं, 'अब्बा, तुम्ही सांगा. जाऊ की राहू? फोनवर सांगून टाकते आणि लातूरला जॉइन होते. अम्मीनं पडदा शिवायला टाकलाय. तुम्ही म्हणाल तसं करते.'

असा प्रश्न अजीजभाईंना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. दुरुस्त होईल का, कधी होईल, हे लोक विचारायचे. तुम्ही म्हणाल तसं करते, असं म्हणून कुणी काही त्यांच्या हातात दिलं नव्हतं. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. ते अगदी ओठांवर आलं होतं.

'मला वाटतं तू ऱ्हावं,' ते म्हणाले. 'लई वाटतं, बेटा. रोज वाटतं. म्हणून मला इचारू नको. मालकीण तू हाय. मी निस्ता मेकॅनिक.'

उमैमा खोक्यावर बसली आणि फोनवर लातूर रोड स्टेशनहून सुटणारी बेंगळुरूची गाडी शोधायला लागली. अजीजभाई समोर बसून तिची बोटं बघत होते. गाड्या या दिवसांत भरलेल्या असतात, हे त्यांना माहीत होतं. जागा मिळू नये, आठवडाभर तरी मिळू नये, असं त्यांना त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.

'मिळाली, अब्बा,' ती म्हणाली. 'आजचीच. खालची सीट.'

'चांगलं झालं,' अजीजभाई म्हणाले.